सत्त्याऐंशी पटीनं लहान सूड

आमचे मावसभाऊ डॉक्टर विठोजीराव माने, म्हणजे आमचे अण्णा, बसवनगुडीत दातांचा दवाखाना चालवतात. हात इतका हलका की दाढ निघाल्याची बातमी पेशंटला घरी गेल्यावर स्वतःच्या जिभेकडून कळते. मन मात्र तसं हलकं नाही. तिथं एकदा काही रुतलं की ते निघत नाही, त्याला मुळं फुटतात.

गांधी बाजाराजवळच्या एका हॉटेलात फार पूर्वी त्यांना दुसऱ्यांदा चटणी वाढायला नकार मिळाला. अण्णा भांडले नाहीत. हात धुतले, बाहेर पडले, आणि तेव्हापासून त्या दारावरून जाताना श्वास रोखून धरतात. म्हणतात, "त्याचा वाससुद्धा घ्यायचा नाही." मधल्या काळात मालक बदलला, आचारी बदलला, हॉटेल जाऊन तिथं मोबाईलचं दुकान आलं. अण्णा अजून श्वास धरतात. आता नेमकं काय आत जाऊ नये म्हणून धरतात हे त्यांनाच ठाऊक.

शहाजीराजांच्या फौजेबरोबर आमचे पूर्वज घोड्यांवरून बेंगळुरात आले आणि इथंच राहिले. का राहिले याबद्दल थोरामोठ्यांची मतं निरनिराळी आहेत. मला वाटतं परत जायला निघाले असतील आणि सिल्क बोर्डाच्या चौकातल्या गर्दीत अडकले असतील. तेव्हापासून घरात मराठी, दारात कन्नड, आणि रागावलो की दोन्ही एकदम. त्यात विठोजी अण्णांचा राग आवाजाचा नव्हे. तो मुरवायचा राग. आमच्या गोजरावहिनी लिंबाचं लोणचं घालतात, अण्णा राग घालतात, आणि दोघंही मधूनमधून बरणी हलवून बघतात.

या गृहस्थांना छंद आहे छोट्या रेल्वेचा. खऱ्या इंजिनाच्या सत्त्याऐंशी पटीनं लहान, हुबेहूब, विजेवर धावणारं इंजिन. दवाखान्याच्या मागच्या खोलीत रूळ आहेत, स्टेशन आहे, सिग्नल आहे, आणि बेंगळुरात इतरत्र न दिसणारी गोष्ट म्हणजे सगळं वेळेवर चालतं.

होसकोट्याला एका कारखान्याच्या दवाखान्यात अण्णा आठवड्यातून एकदा जातात. वाटेत के. आर. पुरमचा तारांचा पूल लागतो. त्या पुलावर गाडी अशी थांबते की माणसानं ध्यान शिकावं. अण्णा खालचे रूळ बघत बसायचे, आणि तिथंच त्यांना ते इंजिन पहिल्यांदा दिसलं. पुढून जुनं डिझेल इंजिन असतं तसं, आणि मागं भलत्याच जातीच्या इंजिनाची केबिन. ती केबिन चार बोटं उंच, त्यामुळे छपराला मधेच पायरी पडलेली. खिडक्या एका बाजूला दोन, दुसऱ्या बाजूला तीन. आधी एक माणूस वाटावा आणि वळून बघितल्यावर त्याचा मेव्हणा निघावा, असं ते इंजिन.

त्याची जन्मकथा नंतर गिरीराजनं सांगितली. गिरीराज हा रेल्वेच्या एका शेडमधला फोरमन आणि अण्णांचा पेशंट. मागची केबिन चेपून ते इंजिन मोडीत निघणार होतं. शेडमधल्या लोकांनी दुसऱ्या एका भंगारातल्या इंजिनाची केबिन कापून त्याला जोडली. गावोगाव पाठवायचं नाही, यार्डातच डबे इकडून तिकडे ढकलायला वापरायचं, म्हणून रूपाकडे कुणी बघितलं नाही. शेडमध्ये त्याला 'कसी' म्हणतात. कन्नडात कसी म्हणजे कलम. कलमी आंबा तसं कलमी इंजिन.

अण्णा त्याच्या प्रेमातच पडले. पुलावरून मोबाईलवर फोटो काढले, बाजारातून साधं डिझेलचं मॉडेल आणलं, दाढ कोरायच्या यंत्रानं त्याचा मागचा भाग कापला, दुसऱ्या मॉडेलची केबिन आणून जोडली, फटी दात भरायच्या मसाल्यानं भरल्या आणि त्यावर दवाखान्यातला निळा दिवा धरून घट्ट केल्या. दारांचे दांडे वाकडे दात सरळ करायच्या तारेचे. आणि गेल्या जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या रविवारी, छोट्या रेल्वेच्या मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनात ते इंजिन घेऊन गेले.

मंडळाचे चिटणीस सुधींद्र. आयुष्यभर एका कॉलेजात परीक्षा सांभाळल्या आणि निवृत्त झाले, पण तांबडं पेन अजून खिशात. घरचे मराठीच, आमच्यासारखेच कैक पिढ्यांचे बेंगळूरकर, आणि रेल्वेच्या इंजिनांवरची जाडजाड पुस्तकं त्यांना पाठ. मॉडेल बघायला ते वाकले की बनवणारा दोन पावलं मागं सरकायचा. ते अण्णांच्या इंजिनावर वाकले, बराच वेळ वाकलेलेच राहिले, आणि उठून सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, "काय हो डॉक्टर, इंजिनाला कवळी बसवलीय काय?"

हॉल हसला.

"असंच आहे ते," अण्णा म्हणाले. "मी बघितलंय. पुलावरून."

"पुलावरून!" सुधींद्र म्हणाले. "पुलावरून मला आमचा साडूही देखणा दिसतो. पुस्तकात आहे काय हे? नाही. नकाशात आहे काय? नाही. मग कुठं आहे? तुमच्या डोक्यात. सरी, ठीक आहे, डोक्यातल्या गाड्यांसाठी आपल्याकडं वेगळं टेबल आहे."

अण्णांनी मोबाईल पुढं केला. फोटोत पावसाळी हवा, पुलाची तार आणि दूरवर एक तपकिरी ठिपका. सुधींद्रांनी ठिपक्याला शून्य मार्क दिले. मग कार्डावर तांबड्या पेनानं 'काल्पनिक' असं लिहिलं, इंजिनाला टेकवलं, आणि इंजिन उचलून मुलांच्या टेबलावर नेऊन ठेवलं, डोळे मिचकावणाऱ्या एका निळ्या आगगाडीच्या शेजारी. दिवसभर अण्णांचं इंजिन त्या डोळे मिचकावणीच्या शेजारी उभं. येणारी मुलं विचारत होती, "अंकल, याचे डोळे कुठं आहेत?"

घरी आल्यावर अण्णा एवढंच म्हणाले, "त्यानं त्याच हॉलमध्ये, त्याच लोकांसमोर, 'माझं चुकलं' म्हटलं पाहिजे."

गोजरावहिनी म्हणाल्या, "म्हणेल. घाई करू नका. मुरू दे."

पुढचे कितीतरी महिने अण्णांच्या पेशंटांनी जे सोसलं ते दातदुखीहून वाईट होतं. तोंड उघडं, गालात कापूस, जिभेखाली पाणी ओढायची नळी, आणि वरून अण्णांचा संथ आवाज. "म्हणजे बघा, छपराला पायरी आहे. मी डोळ्यांनी बघितली. हा सांगतो काल्पनिक. याला काय म्हणायचं?" पेशंट म्हणायचा, "आँ." अण्णा म्हणायचे, "तेच मीही म्हणतो." मी स्वतः एका दाढेच्या बदल्यात सुधींद्रांच्या सात पिढ्यांवर 'आँ' करून आलोय. जयनगर ते चामराजपेट अशी अर्ध्या दक्षिण बेंगळुराची सहमती अण्णांनी या पद्धतीनं गोळा केली.

पण सहमतीनं सूड होत नाही. पुरावा पाहिजे, आणि शेडच्या फाटकातून बाहेरच्या माणसाला आत सोडत नाहीत. फक्त एक दिवस सोडून.

तो दिवस आयुधपूजेचा, म्हणजे आपल्या खंडेनवमीचा. आमच्या बेंगळुरात त्या दिवशी लोखंडाचं जे जे आहे त्याला हळदकुंकू लागतं. रिक्षा, बस, शिवणयंत्र, दवाखान्यातली पक्कड. कारखाने आणि शेड घरच्या माणसांसाठी उघडतात, यंत्रांना केळीचे खांब बांधतात, कोहळा फोडतात, चाकाखाली लिंबं ठेवतात आणि वर केसरीभात, म्हणजे आपला शिरा, वाटतात. गिरीराजची अक्कलदाढ अण्णांनी त्याच महिन्यात काढली होती. गिरीराज गालाला बर्फ लावून म्हणाला, "अण्णा, पूजेला या की. अक्कांनाही आणा. गेटवर सांगतो, आमचेच म्हणून."

'आमचेच' म्हणून अण्णा आणि वहिनी शेडमध्ये गेले. आणि नवल असं की त्या दिवशी पूजेच्या मांडवाशेजारी, सगळ्यांच्या पुढं, 'कसी' उभी होती. नवी इंजिनं कामावर गेलेली. घरात राहून पूजा करून घ्यायला ही एकच मोकळी. अंगभर झेंडूच्या माळा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि मधे बशीएवढं कुंकू, नाकाच्या दोन्ही बाजूंना केळीचे खांब. खांब अडकवायला लोखंडी कड्या होत्या. जोडकाम करतानाच शेडच्या लोकांनी त्या बसवल्या होत्या, दरवर्षी दोरीनं बांधायचा त्रास नको म्हणून. पुलावरून अण्णांना त्या कधी दिसल्या नव्हत्या. अण्णा इतके हरखले की खिशातून दातांचा साचा घ्यायची पेस्ट काढली आणि एका कडीचा साचा घेऊ लागले. गिरीराज घाबरून म्हणाला, "अय्यो अण्णा, ते इंजिन आहे, दुखत नाही त्याला!"

मग अण्णांनी पोटभर फोटो काढले. माळा बाजूला सारून, खाली बसून, दात तपासायच्या आरशानं केबिनच्या खालचे. एवढे फोटो एखाद्या नवरीचेही निघत नाहीत. आजूबाजूला कोण माणसं आहेत याकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

त्या संध्याकाळी दोघं घरी फोटो बघत बसले होते. अण्णा रिव्हेट मोजत होते आणि वहिनी साड्या बघत होत्या. मधेच वहिनी म्हणाल्या, "थांबा. ही मोरपंखी साडी माझ्या ओळखीची आहे. ही वसुमती."

"कोण वसुमती?"

"सुधींद्रांची बायको. त्यांचा जावई शेडच्या हिशेबखात्यात आहे नाही काय. आणि तिच्या शेजारी कोण टेकून उभा आहे बघा."

अण्णांनी फोटो बोटांनी मोठा केला. झेंडूच्या माळांमध्ये, 'कसी'च्या अगदी मागच्या केबिनला, त्या पायरीच्या बरोबर खाली, पाठ टेकून सुधींद्र उभे होते. एका हातात केसरीभाताचा द्रोण, दुसऱ्या हातात खाराभाताचा, म्हणजे उपम्याचा. डोळे अर्धे मिटलेले. जे इंजिन जगात नाही त्याच्यावर भार टाकून माणूस इतका निवांत उभा होता की वर्षानुवर्षं ते त्याच्या ओळखीचं असावं. इंजिनांची सगळी पुस्तकं पाठ असलेल्या माणसाला फुलांखालचं इंजिन दिसलं नव्हतं. द्रोण दोन असले की माणूस तिसरीकडे बघत नाही, हे मी समजू शकतो. अण्णा समजू शकत नव्हते. त्यांचा अंगठा तोवर मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला होता.

वहिनींनी मोबाईल हिसकावून घेतला. "फोनवर सूड घेतात होय? दोन जण अंगठा दाखवतील, तिसरा 'शुभ रात्री'चं फूल टाकील, सकाळी सगळं वाहून गेलेलं. आणि तो म्हणेल, दुसराच कुणीतरी आहे. समोर घ्यायचा. त्याला तिथंच उभा करायचा, जिथं तो उभा होता."

अण्णा बायकोकडे बघत राहिले. लग्नाच्या वेळी आपण दिसण्यावर भाळलो होतो, हे किती वरवरचं होतं असं त्यांना वाटलं असावं.

जुनं मॉडेल पुन्हा फोडलं. पायरीची उंची फोटोवरून सुधारली, कड्या बसवल्या, मागची केबिन सुटी करून परत जोडली. दात रंगवायच्या रंगांत दुधी, पिवळट, तंबाखूचा तपकिरी असे सगळे असतात. त्यातल्या शेवटच्यानं इंजिनाला गंज चढवला. दात घासायच्या दोऱ्याच्या गाठी रंगवून झेंडूच्या माळा झाल्या. चाकांखाली लिंबांच्या जागी खसखस. फोडलेला कोहळा म्हणून एक साबुदाणा, तोही अर्धा, कुंकू लावून. आणि माळांच्या मधे, केबिनला पाठ टेकून, दातांच्या मसाल्याचे सुधींद्र: चिंचोक्याएवढे, चौकड्यांचा शर्ट, खिशात तांबड्या रंगाचा केसाएवढा ठिपका, दोन हातांत दोन द्रोण. अण्णांनी त्यांचं पोट तीनदा घडवलं. म्हणाले, "इंजिनाला एवढा वेळ लागला नाही."

यंदाचं प्रदर्शन आलं. मंडळाचा नियम असा की एकदा काल्पनिक ठरलेलं मॉडेल पुन्हा आलं तरी थेट मुलांच्या टेबलावर. अण्णांनी एका अक्षरानं हरकत घेतली नाही. त्यांनी स्वतःच्या हातानं इंजिन मुलांच्या टेबलावर ठेवलं, जुनं 'काल्पनिक' कार्ड त्याला टेकवलं, आणि हाताची घडी घालून भिंतीपाशी उभे राहिले. सुधींद्र लांबूनच म्हणाले, "शहाणपण आलं म्हणायचं."

अण्णा हसले. दातांचे डॉक्टर असून ते दात दाखवून हसत नाहीत. त्या दिवशी सगळे दिसले.

नातीला घेऊन वसुमती मुलांच्या टेबलापाशी आल्या. नात निळ्या गाडीकडे वळली. वसुमती मात्र झेंडू बघून थबकल्या, चष्मा सारखा केला, वाकल्या, आणि हॉलच्या त्या टोकाला उभ्या असलेल्या नवऱ्याला हाक मारली, "अहो! इकडं या! तुम्ही इथं आहात!"

सुधींद्र एका बिचाऱ्याचा सिग्नल नापास करण्यात गुंतले होते. "मी इथं आहे," ते तिथूनच म्हणाले.

"तिथंही आहात, पण इथंही आहात! द्रोण घेऊन!"

अर्धा हॉल टेबलाभोवती जमला. सुधींद्र गर्दी सारत आले, भिंग काढलं, वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. गेल्या वर्षीही असेच वाकले होते, पण या वेळी कानाच्या पाळ्या तांबड्या होत गेल्या.

"हा मी नव्हे."

"तुम्हीच की हो," वसुमती म्हणाल्या. "तो शर्ट मीच घेतलाय. आयुधपूजेला शेडमध्ये गेलो होतो नाही काय, स्वल्प थांबा, माझ्याकडं फोटो आहे, जावयांनी काढलेला." आणि त्या भाबड्या बाईनं पर्समधून मोबाईल काढून सगळ्यांसमोर मोठा करून धरला. अण्णांना खिशातला स्वतःचा फोटो काढावाच लागला नाही.

फोटोत इंजिन, टेबलावर इंजिन. फोटोत सुधींद्र, टेबलावर सुधींद्र.

"फुलंच फुलं आहेत," सुधींद्र म्हणाले. "आत काय आहे कुणाला माहीत. फुलांच्या आत काहीही असेल."

अण्णा याचीच वाट बघत होते. ते पुढं झाले, चिमट्यानं सगळी माळ एका हिसड्यात उचलली, आणि खाली छपराची पायरी, एका बाजूच्या दोन आणि दुसऱ्या बाजूच्या तीन खिडक्या, नाकावरच्या दोन कड्या. मग वसुमतींना म्हणाले, "अक्का, तुमच्या यजमानांच्या डोक्याच्या वर, स्वल्प मोठं करा." त्यांनी केलं. झेंडूच्या दोन माळांच्या मधून पायरी लख्ख दिसत होती, सुधींद्रांच्या टकलाच्या बरोबर वर.

हॉलमधून कुणीतरी कन्नडात विचारलं, "सर, काल्पनिक इंजिनाला टेकलं तर माणूस पडत नाही काय?"

या वेळचं हसणं गेल्या वर्षीच्या हसण्याहून मोठं होतं. अण्णांनी ते डोळे मिटून ऐकलं. वहिनी शेजारी उभ्या राहून कोण कोण हसतंय ते बघून घेत होत्या. जे हसले नाहीत त्यांचीही नोंद त्यांच्या मनात झाली असणार.

सुधींद्र भिंग फिरवत होते. परीक्षेत एखादा तरी मार्क कापायची सवय जात नाही. शेवटी ते म्हणाले, "माझं पोट एवढं नाही."

"मापात आहे," अण्णा म्हणाले. "सत्त्याऐंशीनं भागलंय."

"पोट चूक आहे!"

"आणि बाकीचं?"

सुधींद्रांनी भिंग खिशात घातलं. पोट चूक म्हणायचं तर बाकीचं बरोबर म्हणावं लागत होतं. आपलं पोट वाचवायला त्यांनी इंजिन सोडलं. "बाकीचं... आहे म्हणायचं. म्हणजे माझं जरा..." आणि पुढचे शब्द शर्टाच्या कॉलरमध्ये गेले.

"ऐकू आलं नाही," अण्णा दवाखान्यातल्या आवाजात म्हणाले. "तोंड मोठं उघडा. अजून. हां, आता बोला."

"माझं चुकलं!" सुधींद्र ओरडले, मराठीत. ज्यांना मराठी कळत नव्हतं त्यांच्यासाठी अण्णांनी कन्नडातही म्हणायला लावलं. मग तांबड्या पेनानं 'काल्पनिक' खोडायला लावलं. खोडून झाल्यावर सुधींद्र हळू आवाजात म्हणाले, "आता मला तिथून काढा, डॉक्टर."

"नाही निघणार. पक्कं बसवलंय."

सूड घेतला की माणूस आतून रिकामा होतो, पस्तावतो, असं म्हणणारे भेटतात. त्यांनी विठोजी अण्णांना बघावं. माणूस फुलला. वजन वाढलं, झोप लागू लागली, पेशंटांशी आता हवापाण्याचं बोलतात. ते इंजिन दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत काचेच्या पेटीत आहे, वर भिंग टांगलंय, आणि ज्याचा नंबर लागायचा आहे तो भिंगातून सुधींद्र बघत बसतो.

सुधींद्रही येतात. दाताचं निमित्त करून. आल्याआल्या पेटीपाशी जातात. परवा मी तिथंच बसलो होतो. त्यांनी भिंगातून बघितलं, पुन्हा बघितलं आणि वळून म्हणाले, "डॉक्टर, पोट वाढलंय."

"तुमचं?"

"माझं तिथलं! गेल्या खेपेला एवढं नव्हतं."

"चष्म्याचा नंबर बघून घ्या," अण्णा म्हणाले, आणि त्यांना आत खुर्चीवर नेऊन अतिशय प्रेमानं त्यांचे दात साफ केले.

सुधींद्र गेल्यावर गोजरावहिनी आतून आल्या, पेटीची काच सरकवली, बोटानं त्या चिंचोक्याच्या पोटाला हलकेच चाचपलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "मागचा थर वाळलाय. अजून एक द्या."